वरची खोली रिकामी आहे

१ ऑगस्ट, गुरुवार

बदली झाली! परीक्षा विभागातून थेट 'आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षा'त. नाव ऐकून सकाळी इस्त्रीची साडी नेसून गेले. कक्ष म्हणजे विद्यापीठाच्या जिन्याखालची जागा. दोन टेबलं, एक बंद पडलेलं झेरॉक्स मशीन आणि भिंतीवर जगाचा नकाशा. अर्धा ऑस्ट्रेलिया वाळवीने खाल्लाय.

कक्षात माणसं दोन. एक मी. दुसरी समता कांबळे, कंत्राटी सहायक, वय सव्वीस-सत्तावीस. दोन वर्षं झाली तिला इथे. रोज निपाणीहून येते आणि रोज निपाणीला परत जाते. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर! पहिल्याच दिवशी वीस मिनिटं उशीर. हायवेचं काम चाललंय म्हणे. मला बघून दारातच थबकली. मी म्हटलं, "ये की आत, चावत न्हाय मी." हसली नाही. बोलते कमी, काम मात्र चोख. फोन उचलला की 'जयभीम' म्हणते, आणि मग हळूच, "नंतर करते, मॅडम हायत."

डायरेक्टर सरांनी आल्याआल्या हुकूम सोडला. परदेशी विद्यार्थ्यांसाठी 'राहण्याचे पर्याय' अशी पुस्तिका करायची. मी विचारलं, पर्याय आहेत किती सर? सर म्हणाले, "बरीरी, आमेल नोडोणु." लिहा आधी, मग बघू! या विद्यापीठाचं बोधवाक्य हेच ठेवायला पाहिजे होतं.

२ ऑगस्ट, शुक्रवार

पर्याय पहिला — विद्यापीठाचं वसतिगृह. बघून आले. फेब्रुवारीत फीत कापून उद्घाटन झालेला 'इंटरनॅशनल ब्लॉक' उभा आहे. चौकटीला फितीची गाठ अजून तशीच. चौकट आहे, दार नाही. नळ आहे, पाणी नाही. वॉचमन शामू अण्णा आत कडबा ठेवतात. मला म्हणाले, "फुडच्या वर्षी या की मॅडम, निवांत."

वेबसाइटवर या ब्लॉकचा म्हणून जो फोटो आहे तो कुठला, कुणालाच ठाऊक नाही. खिडकीतून समुद्र दिसतो. बेळगावात!

पुस्तिकेत लिहिलं — 'निसर्गाच्या सान्निध्यात, खुल्या वातावरणात निवास.' समताने वाचलं आणि चेहरा अजिबात न हलवता म्हणाली, "दार न्हाय हे पण लिव्हूया का मॅडम? खुलं वातावरण तिथनंच येतंय." मी एवढी हसले की वरून परीक्षा विभागवाले बघायला आले.

५ ऑगस्ट, सोमवार

श्रावण लागला. घरात मटण बंद, अंडं बंद. युवराज म्हणतो, महिनाभर मी कारखान्याच्या कँटीनलाच जेवतो. उद्यमबागेत सुपरवायझर आहे, तिथल्या कँटीनवाल्याला श्रावण नाही. लग्न करताना नवऱ्याच्या कँटीनची चौकशी करायला हवी होती.

हे लिहितेय वरच्या खोलीत बसून. अनगोळात आमचं घर म्हणजे खाली तीन खोल्या आणि वर एक, बाहेरून जिना. मे महिन्यात भाडेकरू नर्सबाई गेल्या, तेव्हापासून रिकामी. फाटकाला 'खोली भाड्याने देणे आहे' असा पत्रा लटकतोय. पण माझ्या सासूबाई — रुक्माबाई, वय अडुसष्ट — येणाऱ्या प्रत्येकाची मुलाखत घेतात. प्रश्न दोनच. "गाव कंचं? पावणं कुठलं?" एवढ्यावर समोरच्याची कुंडली मांडतात. कुंडली जुळेपर्यंत मुलीचं लग्न सुद्धा होत नाही, खोली काय जाणार! मला बरंच आहे. खोली रिकामी म्हणजे माझी. वाळवणं, जुने पेपर, ही वही आणि मी.

विद्यार्थी आले! दोन. एक लुकास, जर्मनीचा, दारातून वाकून येणारा. दुसरी हिरुत, इथिओपियाची. पाण्याचं इंजिनिअरिंग शिकते. बारीक वेण्या, मोठे डोळे, चालणं एकदम ताठ. तिने मला, समताला आणि बंद झेरॉक्स मशीनलाही वाकून नमस्कार केला. सध्या दोघं गेस्ट हाउसमध्ये. पण १७ तारखेला तपासणीची कमिटी येतेय, तिला गेस्ट हाउस लागणार. शिवाय हिरुतच्या तिकडच्या विद्यापीठाने कळवलंय — १६ पर्यंत राहण्याचा पक्का पत्ता पाठवा, नाहीतर मुलीला परत बोलावतो. तिचं सगळं सत्र बुडेल. गावातून निवड होऊन आलेली ही पहिलीच मुलगी आहे म्हणे. वडील शाळामास्तर.

अकरा दिवस. अहो, बेळगाव आहे हे. अकरा दिवसांत खोली नाही मिळणार?

७ ऑगस्ट, बुधवार

लुकासला दोन तासांत मिळाली! 'गोरा पोरगा खोली बघतोय' ही बातमी कशी फुटली देव जाणे. तीन मालक आपण होऊन ऑफिसात हजर. एकाने येताना कुंद्याचा बॉक्स आणला. दुसऱ्याने मोबाइलवर बाथरूमचा व्हिडिओ दाखवला, मागे सनईचं संगीत लावून! शेवटी टिळकवाडीतल्या परशराम अण्णांनी बाजी मारली. निवृत्त बँक मॅनेजर. लुकासच्या खांद्यापर्यंत हात पुरेना म्हणून कोपर धरून घेऊन गेले. गाव कंचं विचारलं नाही, खाणं काय विचारलं नाही, रात्री किती वाजता येणार विचारलं नाही.

कुंदा आम्ही खाल्ला. हिरुतने नाही खाल्ला. आजपासून तिचा उपास आहे म्हणाली. मी म्हटलं, आत्ताच आलीस तर लगेच नवस कसला?

८ ऑगस्ट, गुरुवार

पर्याय दुसरा — लेडीज पीजी. अंबुबाईंचं. फोनवर बाई मधात घोळलेल्या. "या की, जागा हाय, पोरीची जात, आपली लेकच म्हणायची." मी, समता आणि हिरुत रिक्षाने गेलो. अंबुबाईंनी दार उघडलं, हिरुतला बघितलं, आणि मध आटला.

"आमच्याकडच्या पोरी भित्यात वो मॅडम."

"कशाला?"

"आता राच्याला लाइट गेली तर दिसायचीबी न्हाय की ती."

आणि स्वतःच हसल्या! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हिरुतने विचारलं, काय म्हणतात? मी सांगितलं, खोली लहान आहे म्हणतात. ती म्हणाली, "लहान म्हणायला खूपच शब्द लागतात तुमच्या भाषेत."

परतताना पुन्हा रिक्षा. समता बाहेर बघत होती.

९ ऑगस्ट, शुक्रवार

नागपंचमी. पर्याय तिसरा — स्वतंत्र फ्लॅट. उद्यमबागेच्या रस्त्याला, मालक जोतिबा, युवराजच्या ओळखीचे. सणाचा दिवस म्हणून तंबिटाचे लाडू दिले, चहा दिला, पुढच्या वेळी जेवायलाच या म्हणाले. खोली सोडून सगळं दिलं.

"मला काय न्हाय वो, पण गल्लीतली माणसं बोलत्यात. आफ्रिकेची म्हंजे... पेपरात वाचतो की आपण."

मग मात्र माझा तोल गेला. म्हटलं, "अण्णा, लाज वाटू द्या! माणूस बघा, कुठला आहे ते काय बघता? ही शिकायला आलीय, तुमच्या फ्लॅटचं सोनं लुटायला नाही. एवढं शिकून-सवरून दारात आलेल्या पोरीला परत पाठवता? कुठे फेडाल हे पाप!" जोतिबा लाडवाची ताटली धरून उभेच. हिरुतला मराठी कळत नाही, तरी तिने टाळी वाजवायचीच बाकी ठेवली होती. समता माझ्यामागे खाली मान घालून पायातल्या चपला बघत होती. घाबरली असेल बिचारी. तिला असलं बोलायची सवय नाही.

घरी येऊन युवराजला सगळं करून दाखवलं, हातवाऱ्यांसकट. तो म्हणाला, "तू इलेक्शनला हुभी ऱ्हा." चेष्टा केली त्याने, पण मला खरंच बरं वाटलं. कुणीतरी बोलायला हवं ना.

१० ऑगस्ट, शनिवार

हिरुतसाठी सात फोन. सात नकार. एकाने तर ती कुठली हे ऐकायच्या आधीच नकार दिला — सवयीने.

१२ ऑगस्ट, सोमवार

समता आज पाऊण तास उशिरा. बस बंद पडली म्हणे संकेश्वरजवळ. जुलैत तिचे नऊ लेटमार्क झालेत. महिनाअखेर तिचं कंत्राट संपतंय आणि लेटमार्क बघून पुढचं ठरणार आहे, सरांनी तसा कागदच दिलाय. मी तरी किती दिवस 'ती बँकेत गेलीय' म्हणून सांगू? आधीच तिला इतक्या वेळा बँकेत पाठवलंय की आता तिथे तिची एखादी खुर्ची असेल. बेळगावात खोली का घेत नाही ही बया? आईचा पदर सुटत नसेल. निपाणीच्या पोरी अशाच, तंबाखूचा वास आला नाही तर झोप लागत नाही.

दुपारी डबा खाताना मी म्हटलं, संपलं, हिरुत जाणार परत. सरांना विचारलं तर म्हणतात, तीन दिवस आहेत की अजून, आग्तद, म्हणजे होऊन जाईल. मोजायला पण येत नाही. समताने भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाली, "मॅडम, तुमच्या घरी वरची खोली हाय न्हवं?"

मी कधी बोलले हे हिच्यापाशी? बडबडायची सवयच माझी, पोटात काही राहत नाही.

खोली आहे. पण ती माझी आहे! रात्रीपर्यंत मनात हेच. सासूबाईंनी नाही म्हटलं म्हणजे सुटले. असं वाटलं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. जोतिबांना सुनावून तीन दिवस झाले फक्त.

१३ ऑगस्ट, मंगळवार

काय दिवस! नीट लिहिते.

संध्याकाळी हिरुतला घरी घेऊन आले. सासूबाईंना सकाळी एवढंच सांगितलेलं, एक मुलगी येणार आहे बघायला. कुठली ते सांगितलं नाही. भित्रेपणा. कबूल.

सासूबाई सोप्यात शेंगा फोडत बसलेल्या. वर बघितलं. बघतच राहिल्या. मी मनात देवाचं नाव घेतलं. आणि मग तोच पहिला प्रश्न, जसा सगळ्यांना तसाच — "गाव कंचं तुझं?"

मी इंग्रजीत केलं. हिरुतने गावाचं नाव सांगितलं, डोंगर सांगितला, नदी सांगितली. सासूबाईंनी मान डोलावली, जणू खानापूरच्या पलीकडंच आहे.

"पावणं कुठलं? बाऽप कोण?"

आता हे कसं सांगायचं! तरी विचारलं. तर हिरुत सावरून बसली, हात मांडीवर घेतले आणि नावं म्हणायला लागली. बापाचं नाव, त्याच्या बापाचं, त्याच्या बापाचं... अशी सात! श्वास न घेता. म्हणाली, आमच्याकडे प्रत्येकाला सात पिढ्या पाठ असाव्या लागतात, नाहीतर सोयरीक करताना नात्यातच लग्न व्हायचं.

शेंग सासूबाईंच्या हातात तशीच. "सात? समदी पाठ?" मग माझ्याकडे वळून, "आणि आमच्या युवराजला आज्याच्या बाचं नाव इचार बरं." युवराजला विचारलं. त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

तरी सासूबाईंचा हुकमी एक्का बाकी होता. "श्रावण हाय बाई आमचा. हितं मटण, अंडी चालायची न्हायत."

हिरुत म्हणाली, माझाही उपासच चाललाय. मटण नाही, अंडं नाही, दूध, दही, तूपही नाही. दुपारी तीनपर्यंत पाणीसुद्धा नाही. पंधरा दिवस! देवाच्या आईचा उपास असतो म्हणे त्यांच्यात या दिवसांत.

"दूधबी न्हाय?" सासूबाई हबकल्याच. स्वतः उपासाला साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे पापड, रताळ्याचा कीस, वर चहा चार वेळा. उठून आत गेल्या. मला वाटलं संपलं. किल्ली घेऊन बाहेर आल्या.

"दे हिला खोली. आपल्यापरीस कडक हाय पोरगी. ह्यास्नी जातपात न्हाय, इटाळ न्हाय, आमाला कोण काय म्हणंल?"

मी जिन्यातच रडले. आनंदाने. आणि थोडीशी खोलीसाठी पण.

१४ ऑगस्ट, बुधवार

खोली रिकामी केली. वाळवणं गच्चीत, पेपर रद्दीत, ही वही स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यामागे. हळदीचे डाग पडले तर पडले.

परदेशी माणूस घरात ठेवला की चोवीस तासांत पोलिसांकडे घरमालकाचा फॉर्म जातो. समताने बसल्या बैठकीत भरला. कागद, फोटो, सही, सगळं. पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाले, मालकीणबाईंची सही बेकु, म्हणजे पाहिजेच. सासूबाई जरीकाठी नेसून गेल्या सहीला! हवालदारालाही विचारलं, गाव कंचं.

अदिस अबाबाला पत्ता गेला. अनगोळ, बेळगाव. दोन दिवस हातात ठेवून!

१५ ऑगस्ट, गुरुवार

झेंडावंदनाला सरांनी भाषणात आमचं घर घेतलं. 'अतिथी देवो भव' तीनदा म्हणाले. स्थानिक पेपरवाल्याने फोटो काढला — मध्ये हिरुत, एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला मी, कडेला सर ओढून-ताणून. समताला म्हटलं, ये की तू पण. "असू दे मॅडम, मी पिशव्या धरते." अशी ही!

पुस्तिकेत नवा पर्याय घातला: 'स्थानिक कुटुंबासोबत निवास — जिथे तुम्हाला कुणी परकं मानणार नाही.' हे वाक्य माझं आहे. एवढं खरं वाक्य त्या पुस्तिकेत दुसरं नाही.

१८ ऑगस्ट, रविवार

हिरुतने गच्चीवर कॉफी भाजली. हिरव्या बिया, छोटी कढई, आणि असा वास की गल्लीतले लोक आमच्या फाटकापाशी उगीच मोबाइलवर बोलत उभे. सासूबाईंनी तिला आंबोळी करून दिली. तिने बोटाने जाळी दाबून बघितली. त्यांच्याकडे अशीच असते म्हणाली, रोज, मोठी, ताटभर. डोळे भरून आले तिचे. सासूबाईंनी तिसरी वाढली. "खा गं. आईला फोन लाव आनि दाव."

आईला व्हिडिओ लावला. दोन म्हाताऱ्या अर्धा तास एकमेकींशी बोलल्या, एक मराठीत, एक त्यांच्या भाषेत. कुणाचं कुणाला काही कळलं नाही आणि दोघी मधूनमधून "व्हय, व्हय" करतात तशा माना हलवत होत्या. शेवटी सासूबाई मला म्हणाल्या, "चांगल्या घरची हाय बाई."

मला या घरात येऊन अकरा वर्षं झाली. माझ्या आईशी एवढं कधी बोलल्या नाहीत.

पण खरं सांगू? या आठवड्यात मला माझं घर आवडलं. नाहीतर कायम वाटायचं, आपण कुठल्या जुन्यापुराण्या गोतावळ्यात येऊन पडलोय.

२० ऑगस्ट, मंगळवार

समताला आज लेखी ताकीद. ऑगस्टमधले सहा लेटमार्क. अजून एक झाला तर कंत्राट वाढवणार नाही. कागद वाचून तिने घडी केली, पर्समध्ये ठेवला आणि टाईप करायला लागली.

मला सहन होईना. रागावलेच. "अगं, पाच वाजता उठून दीडशे किलोमीटर मरायचं आणि वर ताकीद घ्यायची? गावात एवढ्या खोल्या पडल्यात! शोधायला काय होतं? हिरुतला मिळते आणि तुला नाही मिळत?"

"बघितल्यात मॅडम," एवढंच म्हणाली. मग डब्याच्या वेळी ताटली पुढे केली. तिच्या आईची शेंगदाण्याची चटणी. मी रोज खाते ती, तिच्या डब्यातली, तिच्याच हातची वाढलेली. परीक्षा विभागातल्या दोघीजणी अजून तिच्याबरोबर डबा उघडत नाहीत, मला ठाऊक आहे. मला असल्या गोष्टींची चीड आहे.

नोकरी गेली तर करणार काय ती? वडील नाहीत. भाऊ शिकतोय. घर तिच्यावरच आहे, हे आज कळलं. तीन आठवडे समोरासमोर बसतो आम्ही!

२२ ऑगस्ट, गुरुवार

हिरुतचा उपास सुटला. सासूबाईंचा श्रावण चालू, म्हणून युवराजने तिला गुपचूप कँटीनला नेऊन मटण खाऊ घातलं. दोघंही येताना बडीशेप चावत आले, चेहरे अगदी भजनाला जाऊन आल्यासारखे.

रात्री जिन्यात बसलो होतो तेव्हा हिरुत म्हणाली, वर दोन पलंग आहेत, मी एकटी. समता इथेच का राहत नाही?

एवढी साधी गोष्ट! माझ्या डोक्यात कशी आली नाही? डोळ्यांसमोर पलंग रिकामा, डोळ्यांसमोर पोरगी बसमध्ये झुलतेय. मी मुकाट त्या रिकाम्या पलंगावर वाळवणं घालत होते.

सासूबाई आडव्या येणार. 'गाव कंचं' पर्यंत ठीक, पुढचा प्रश्न झाला की संपलं. नाव ऐकलं की कपाळाला आठी. पण आता मी ऐकणार नाही. परक्या देशातली चालते आणि निपाणीची चालत नाही? तोंडावर विचारेन. भांडण झालं तर होऊ दे. अकरा वर्षं बायकोचं, सुनेचं सगळं मुकाट केलं, एकदा माणसाचं करू. युवराजला सांगितलं. तो म्हणाला, "इचार की. आई काय गिळत न्हाय." त्याला काय माहीत आपली आई!

उद्या पहिलं काम, समताला सांगायचं. तिचा चेहरा बघायचाय मला.

२३ ऑगस्ट, शुक्रवार

सांगितलं. म्हटलं, आजच सामान आण, सासूबाईंना मी सांभाळते. समताने डबा बंद केला. म्हणाली, "मॅडम, मी येऊन गेलीया तुमच्या घरी. दोन वर्षं झाली. आईबी होती संगट. बोर्ड बघून आलतो. तुमच्या सासूबाई बसा म्हणाल्या, गाव इचारलं, निपाणी म्हटल्यावर आईशी लई बोलल्या, आनि च्या ठेवायला आत गेल्या. आडनाव तुमी इचारलासा. मी सांगितलं. मग तुमी म्हणालासा, खोली दिलीया. च्या व्हायच्या आधी आमाला फाटकापतोर सोडलासा."

सासूबाईंना घरी येऊन विचारलं. म्हणाल्या, "व्हय की. निपाणीची मायलेक. मी तीन कप च्या घिऊन भाईर आलतो, तर कोणच न्हाय. तूच म्हणालीस, त्यास्नी खोली पटली न्हाय."

मला काहीच आठवत नाही.